दुसऱ्याच्या मालकीचं वाद्य

(उत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या व्यासपीठावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



'तुमच्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोला' असा निरोप आला तेव्हा कार्यकारिणीतल्या बहुतेकांची समजूत होती की मी रुळांवर बोलणार. रुळांवर मी वर्षभर बोलतोच, आणि ते ऐकून घेणं माझ्या हाताखालच्या माणसांना भागच असतं. निदान उत्सवात तरी लोकांना सोडावं, असा विचार केला. म्हणून आज चेलो नावाच्या वाद्याबद्दल आणि ते वाजवणाऱ्या रोमानियातल्या एका तरुणाबद्दल बोलतो. त्याचं नाव आंद्रेइ योनित्सा. रोमानियन लिपीत 'त'च्या खाली एक छोटी शेपटी असते, तिथे 'त्स' म्हणायचं असतं.

माझा अधिकार किती, हेही सांगून टाकतो. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला मी माणूस. संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. रात्रीचा ब्लॉक संपवून घरी आलं की झोप येत नाही, अशा वेळी कानाला हेडफोन लावून जे ऐकलं आणि मग उत्सुकतेपोटी जे वाचलं, तेवढं माझ्याजवळ आहे.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला मोठा भाऊ. खुर्चीवर बसून, वाद्य दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. खाली एक लोखंडी टोकदार दांडी असते, ती जमिनीत रोवतात. चार तारा असतात, आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेपासून पंचमाच्या अंतरावर लावलेली असते. सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ६५ कंपनं देते, वरची २२०. म्हणजे वाद्याची सुरुवात भारदस्त पुरुषी आवाजाच्याही खाली होते आणि डावा हात वर सरकत गेला की ते बाईच्या आवाजापर्यंत पोचतं. पडदे नाहीत. सतारीसारखा इथे सूर, तिथे सूर अशी खूण नाही, सारंगीसारखं कानानेच जायचं.

आपण सर्वांनी चेलो ऐकलेला आहे, फक्त नाव माहीत नसतं. जुन्या हिंदी गाण्यांत गायक थांबला की मागून जो भरलेला, जरा उदास आवाज वर येतो, तो पुष्कळदा चेलोंचा असतो. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ही वाद्यं वाजवणारे पुष्कळ जण गोव्याहून आलेले होते. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या अँथनीला जे आडनाव मिळालं, ते मूळ गोव्याच्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचं. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

आता इंजिनियरच्या नजरेने सांगतो. वाद्याची पुढची पाटी स्प्रूसच्या हलक्या लाकडाची, मागची मेपलची. जाडी काही मिलिमीटर. या पाटीवर लाकडी घोडी उभी, आणि घोडीवरून चार तारा ताणलेल्या. चारही तारांचा ताण मिळून पन्नास किलोच्या पुढे जातो. एवढा ताण ती पातळ पाटी वर्षानुवर्षं सोसते. आत, घोडीच्या एका पायाच्या जवळ, दोन पाट्यांमध्ये एक छोटी काठी उभी असते. तिला ना खिळा, ना सरस. केवळ दाबाने ती जागेवर राहते. ती केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत या काठीला 'आत्मा' म्हणतात. हवामानाचाही या लाकडावर परिणाम होतो. आपल्या लांब जोडलेल्या रुळांना तापमानाप्रमाणे ताण येतो आणि आपण डिस्ट्रेसिंग करतो. चेलोवाला तेच काम रोज सकाळी खुंट्या पिळून करतो, एवढं म्हटलं म्हणजे माझ्या सहकाऱ्यांना कळेल.

आता माणसाकडे येतो. रोमानिया हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान देश. लोकसंख्या दोन कोटींच्या आत. पण संगीतात त्याची पत मोठी आहे. जॉर्जे एनेस्कू (१८८१-१९५५) हे तिथलं सगळ्यात मोठं नाव. संगीतरचनाकार, व्हायोलिनवादक आणि गुरू. आपल्याशी त्यांचं नातं एका शिष्यामार्फत आहे. येहुदी मेन्युहिन हा त्यांचा विद्यार्थी. हाच मेन्युहिन १९५२ साली भारतात आला आणि पुढे पंडित रविशंकरांबरोबर त्याने वाजवलं. पण एनेस्कूंचं शेवट मायदेशी झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये ते रोमानिया सोडून गेले आणि पॅरिसमध्ये वारले. पियानोवादक दिनू लिपाती १९४३ मध्ये बाहेर पडला आणि १९५० साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी जिनिव्हात गेला. चेलोवादक व्लादिमीर ऑर्लोफ १९६४ मध्ये देश सोडून गेले आणि पुढे कॅनडात शिकवत राहिले. त्या काळात रोमानियातून निघणं म्हणजे परतीचं तिकीट नसलेला प्रवास असायचा.

आंद्रेइ योनित्सा बुखारेस्टमध्ये १९९४ साली जन्मला. चाउशेस्कूची राजवट कोसळून पाच वर्षं झाली होती. देश गरीब होता, पण जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट टिकून होती. सरकारी संगीतशाळा. या शाळेत मुलाचं गणित, भाषा, भूगोल चालू असतं आणि त्याबरोबर वाद्याचा गुरू एकेका मुलाला स्वतंत्र शिकवतो. योनित्सा पाचव्या वर्षी पियानो शिकायला लागला आणि तीन वर्षांनी, म्हणजे आठव्या वर्षी, त्याच्या हातात चेलो आला. शाळेचं नाव योसिफ सावा संगीतशाळा, शिक्षिकेचं नाव आनी-मारी पालादी. या बाईंबद्दल परदेशी वर्तमानपत्रांत फारसं छापून येत नाही. पण त्याच्या परिचयात त्यांचं नाव येतं.

तिथून तो बर्लिनच्या कला विद्यापीठात गेला. रोमानिया २००७ मध्ये युरोपीय संघात आला, त्यामुळे बुखारेस्टच्या मुलाला बर्लिनला शिकायला जाताना व्हिसा लागत नव्हता, आणि जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी जवळजवळ नसते. एनेस्कूंच्या नशिबी जे निर्वासन आलं, ते याच्या बाबतीत नुसतं होस्टेलला जाणं ठरलं. आपल्यापैकी ज्यांची पहिली नेमणूक घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर झाली, त्यांना या दोन गोष्टींतला फरक वेगळा सांगायला नको. रजा टाकून घरी जाता येतं, हाच तो फरक.

बर्लिनमध्ये त्याला गुरू मिळाले येन्स पेटर माइन्ट्झ. इथे मला घराण्याची वंशावळ दिसते, आणि ती सांगायचा मोह आवरत नाही. मॉस्कोत मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच (१९२७-२००७) हा विसाव्या शतकातला थोर चेलोवादक शिकवत होता. बर्लिनची भिंत पडली तेव्हा, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तिच्यापाशी खुर्ची टाकून बाख वाजवणारा तोच. त्याचा शिष्य लिथुआनियाचा डेव्हिड गेरिंगास. गेरिंगासने १९७० मध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. गेरिंगासचा शिष्य माइन्ट्झ. त्याने १९९४ मध्ये म्युनिकच्या एआरडी स्पर्धेत चेलोचं पहिलं बक्षीस घेतलं, जे त्याआधी सतरा वर्षं कोणालाच दिलं गेलं नव्हतं. आणि माइन्ट्झचा शिष्य हा योनित्सा. ज्या वर्षी गुरूला पदक, त्याच वर्षी शिष्याचा जन्म. आपल्याकडे किराणा, जयपूर म्हणताना आपण कान पकडतो. तिकडे कान पकडत नाहीत, पण प्रकार तोच आहे.

पुढचा भाग स्पर्धांचा. तिकडे एकलवादक व्हायचं तर या आगीतून जावं लागतं. मला स्वतःला कलेच्या स्पर्धा फारशा पटत नाहीत, पण मोठ्या सभागृहांचे दरवाजे ओळखीशिवाय उघडायला दुसरा रस्ता अजून फारसा कोणी काढलेला नाही. योनित्साने जून २०१३ मध्ये आर्मेनियातल्या खाचातुरियान स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. सप्टेंबर २०१४ मध्ये तो म्युनिकच्या एआरडी स्पर्धेत उतरला, जिथे गुरूने वीस वर्षांपूर्वी बाजी मारली होती. दुसरा आला. दोन महिन्यांनी बर्लिनला इमान्युएल फॉयरमान स्पर्धा. पुन्हा दुसरा.

लागोपाठ दोनदा दुसरा येणं म्हणजे काय, हे विभागीय परीक्षा दिलेल्यांना ठाऊक आहे. आणि त्यानंतर सातच महिन्यांनी चायकोव्हस्की स्पर्धा होती. ही स्पर्धा १९५८ मध्ये मॉस्कोत सुरू झाली, चेलोचा विभाग १९६२ पासून, दर चार वर्षांनी. म्हणजे २०१५ हुकली तर पुढची २०१९. त्या वर्षी चेलोच्या फेऱ्या सेंट पीटर्सबर्गला होत्या. आधीच्या फेऱ्यांतून गाळून अंतिम फेरीत सहा जण उरतात आणि तिथे मोठ्या ऑर्केस्ट्रासमोर बसून वाजवायचं असतं. दुसरा आणि तिसरा क्रमांक रशियाच्या अलेक्झांडर राम आणि अलेक्झांडर बुझलोव यांना मिळाला. सुवर्णपदक एकवीस वर्षांच्या योनित्साला. त्याच वर्षी व्हायोलिनचं पहिलं बक्षीस कोणालाच दिलं गेलं नाही.

या स्पर्धेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांच्या जागतिक महासंघाने तिला सदस्यत्वातून काढून टाकलं. २०१५ मध्ये ज्या पदकाने जगातले दरवाजे उघडले, त्याच्याकडे आता लोक वेगळ्या नजरेने पाहतात. वाजवणाऱ्याच्या बोटांचा त्यात काही दोष नाही.

पदकाने पोट भरत नाही. पुढे काय, हा प्रश्न तिकडेही असतो. योनित्साच्या बाबतीत पुढची पायरी बीबीसीची होती. १९९९ पासून बीबीसी रेडिओ दरवर्षी काही थोडे तरुण कलावंत निवडते आणि दोन वर्षं त्यांना आपल्या वाद्यवृंदांबरोबर वाजवायला, स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला, देशभर मैफिली करायला देते. २०१६ ते २०१८ या काळात तो त्या योजनेत होता. आपल्या भाषेत हा प्रोबेशनचा काळ. लाइन मिळते, गाड्या चालवून दाखवायच्या असतात.

प्रवासाची एक गंमत. चेलो विमानाच्या सामानकप्प्यात टाकायची कोणाची छाती होत नाही, म्हणून बहुतेक वादक त्याच्यासाठी शेजारचं दुसरं तिकीट काढतात आणि वाद्याला पट्टा बांधून खिडकीशी बसवतात. जेवण मिळतं का, ते मला माहीत नाही. आपल्या गाडीत असा प्रवासी आला तर टीटीईने त्याला बर्थ द्यायचा की लगेज बुक करायला सांगायचं, यावर सहकाऱ्यांनी चर्चा करावी.

त्याची पहिली सीडी २०१९ मध्ये निघाली. त्यात साथीला कोणी नाही, एकटा माणूस आणि एक वाद्य. बाखचा पहिला सूट आहे. स्वीडनच्या स्वांते हेन्रीसनची एक रचना आहे, हे गृहस्थ पूर्वी रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट डीनची रचना आहे, जी फॉयरमान स्पर्धेसाठीच लिहिली गेली होती. ज्या स्पर्धेत दुसरा आला, तिथली रचना त्याने टाकून दिली नाही, सीडीलाच तिचं नाव दिलं. मला हे फार आवडलं.

पण त्या सीडीतली खरी कसोटी म्हणजे हंगेरीच्या झोल्तान कोडायचा १९१५ सालचा सोनाटा. अर्ध्या तासाच्या आसपासची रचना. कोडायने यात काय केलं? खालच्या दोन तारा नेहमीपेक्षा अर्ध्या सुराने उतरवायला सांगितल्या. आपले तंबोरेवाले राग बदलला की पहिली तार पंचमाची मध्यम करतात, तसंच. तारा उतरल्या की सगळ्या वाद्याचा रंग बदलतो. डाव्या हाताची बोटं तार दाबता दाबताच तार छेडतातही, उजवा हात गज ओढत असतो, आणि डोळे मिटून ऐकलं तर तीन माणसं वाजवताहेत असं वाटतं. मध्येच ढोलासारखी लय येते, मध्येच पाव्यासारखा सूर. कोडाय आणि त्याचा मित्र बार्तोक गावोगाव हिंडून लोकगीतं गोळा करायचे, त्यातली पुष्कळ ट्रान्सिल्व्हानियातली. हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर रोमानियात आला. म्हणजे हंगेरियन माणसाची रचना रोमानियन पोराच्या हातात, आणि माती दोघांच्या सामायिक अंगणातली. घरी ऐकायचं असेल तर सुरुवात बाखपासून करा. कोडायला पहिल्या वेळी घरातली मंडळी 'बंद करा' म्हणतील. तिसऱ्या वेळी म्हणणार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. हा चेलो त्याचा नव्हता.

योनित्साने ज्या चेलोवर नाव कमावलं, तो १६७१ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया गावात जोव्हानी बत्तिस्ता रोजेरी या कारागिराने केलेला. रोजेरी क्रेमोनाच्या निकोलो अमातीच्या हाताखाली शिकला होता. १६७१ म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून तीन वर्षं होती. त्या काळच्या वाद्यांना आतड्याच्या तारा असत. पुढे ताण वाढला, तेव्हा अशा जुन्या वाद्यांची मान बदलली गेली, आतला आधाराचा बार जाड केला गेला. जुन्या पुलावरून जास्त वजनाच्या गाड्या सोडायच्या म्हणून आपण गर्डर मजबूत करतो, पण खांब तेच ठेवतो, त्यातलाच प्रकार.

अशा वाद्यांच्या किमती विचारू नका. शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या मुलाने जन्मभर पैसे साठवले तरी घेता येणार नाही. मग ते विशीतल्या मुलाच्या हातात आलं कसं? जर्मनीत हॅम्बुर्गला 'डॉइचे श्टिफ्टुंग मुझीकलेबेन' नावाची संस्था आहे. तिने १९९३ मध्ये सरकारबरोबर मिळून वाद्यांचा एक निधी उभा केला. काही वाद्यं सरकारच्या मालकीची. काही घरात पडून राहिलेली, आजोबांची, काकांची, मालकांनी विश्वासाने संस्थेच्या हवाली केलेली. दरवर्षी तरुण वादक तिथे येऊन परीक्षकांसमोर वाजवतात, आणि जो योग्य ठरेल त्याला वाद्य काही वर्षांसाठी वापरायला मिळतं. भाडं खाण्याचा धंदा नाही. वेळ झाली की वाद्य परत, पुढच्या मुलाकडे. वादक सांगतात की लाकूड वाजतं राहिलं तरच बोलतं, पडून राहिलं की मुकं होतं. पेटीवाले आणि तबलेवाले काही वेगळं सांगत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची मुलं नववीपर्यंत काहीतरी वाजवतात आणि दहावीला थांबतात. अभ्यास हे एक कारण आहेच, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, माझ्याही घरात दहावी झालेली आहे. चायकोव्हस्की स्पर्धेच्या अंतिम फेरीतले सहाही जण जगभर एकटे वाजवत फिरत नाहीत. कोणी वाद्यवृंदात बसतं, कोणी शिकवतं. त्यामुळे 'पुढे काय' हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. पण आपल्या वसाहतीत मी मोजून पाहिलं, तीन मुलांनी अभ्यासामुळे सोडलं नव्हतं. त्यांच्या घरी वाद्यच नव्हतं. क्लासमधलं वाद्य आठवड्यातून दोनदा हाताला लागायचं, आणि तेवढ्यावर हात बसत नाही.

आता मंडळाच्या कपाटाबद्दल बोलतो. त्यात दोन पेट्या आहेत. एक तबला-डग्ग्याची जोडी आहे. आणि एक व्हायोलिन आहे, बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने मंडळाला दिलेलं. ही वाद्यं भाद्रपदात दहा दिवस बाहेर येतात, आरतीला आणि शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला. उरलेले साडेअकरा महिने कुलपात. एका पेटीच्या भात्याला कसर लागली आहे, हे या वर्षी आरतीच्या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

अध्यक्षांच्या परवानगीने माझी सूचना अशी, की विसर्जनानंतर ही चारही वाद्यं कपाटात न ठेवता मुलांना द्यावीत. सहा-सहा महिन्यांसाठी, पालकांची सही घेऊन. मोडतोड झाली तर दुरुस्तीचा अर्धा खर्च मंडळाचा. उत्सवाच्या आठ दिवस आधी वाद्यं परत यावीत, आणि ज्याने वर्षभर वाजवलं त्यानेच आरतीला ते वाजवावं. नोंदवही ठेवायचं काम मी घेतो, ट्रॅकच्या नोंदी ठेवून हाताला सवय आहे. व्हायोलिनच्या दोन तारा गेल्या आहेत, गजाचे केसही बदलावे लागतील. दुरुस्तीवाल्याशी बोललो आहे, तो पुढच्या रविवारी येऊन पाहून जाईल. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आहे, त्यांनी त्या दिवशी दहा वाजता मंडपात यावं, एवढी विनंती.